तळमजल्याची उष्णता

साम-पोला चिनी अक्षरं येत होती ती मोजून चाळीस, आणि सगळी सुक्या मालाच्या दुकानात शिकलेली. कमळबी, अंजीर, संत्र्याची जुनी साल, वाळवलेली कालवं. जे उकळायचं नाही ते वाचायचं कशाला, असा तिचा सरळ विचार होता. म्हणून गल्ली समितीच्या याउबाईंनी लिफ्टचा कागद पुढे धरला, तेव्हा त्या भरगच्च पानात तिला ओळखीचं एकच अक्षर भेटलं: पाणी. पाणी आहे म्हणजे कागद बरा असणार, असं म्हणून तिने अंगठा उठवला.

इमारत तळमजला धरून आठ मजल्यांची. ग्वांगझूच्या जुन्या सायक्वान भागातल्या गल्लीत, काडेपेट्या एकावर एक रचाव्यात तशी, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड. बांधली तेव्हा सगळ्यांचेच गुडघे नवे होते, त्यामुळे लिफ्ट कुणाला सुचली नाही. साम-पो अगदी वर, आठव्यावर. साम म्हणजे तीन; भावंडांत तिसरी म्हणून साम-पो. खरं नाव तिच्या नवऱ्यालासुद्धा जरा थांबून आठवावं लागायचं.

याउबाईंनी सांगितलं होतं, "आठच्या आठ सह्या आणा, मग मी कागद वर पाठवते. एक जरी अडून बसला तरी मला त्यात ओढू नका. मागच्या गल्लीत लिफ्टवरून मारामारी झाली, माझा चष्मा गेला."

सात सह्या झाल्या. आठवी अडली. तोवर साम-पोला घाई नव्हती. घाई झाली ती रविवारी.

रविवारी मुलगा चुंग-याउ बायकोमुलीला घेऊन जेवायला आला, दर रविवारी यायचा तसा. कमळकाकडी, शेंगदाणे आणि डुकराच्या हाडांचं सूप होतं, तीन तास मंद आचेवरचं. त्याने दोन वाडगे रिकामे केले, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आई, तू परवा सहाव्या मजल्याच्या पायरीवर अर्धा तास बसून होतीस म्हणे."

"कोण म्हणे?"

"पाचव्यावरची लीनमावशी."

"तिचं तोंड म्हणजे गळका नळ. मी नव्हते बसले. पिशवीतली कमळकाकडी दमली होती, मी तिला सोबत करत होते."

नात फिस्सकन हसली. चुंग-याउ हसला नाही. "आई, हे बघ. तुंग-जीपर्यंत, थंडीतल्या सणापर्यंत, वाट बघतो. तोवर लिफ्टच्या सगळ्या सह्या झाल्या तर राहा इथे खुशाल. नाही झाल्या तर तुंग-जीच्या दिवशी गाडी घेऊन येतो आणि तुम्हा दोघांना आमच्याकडे नेतो. खोली तयार आहे."

"आणि शेगडी?"

सून पुई-सान मोठ्या उत्साहाने म्हणाली, "काचेची आहे आई! बंद केली की लगेच हात ठेवा, भाजतसुद्धा नाही."

"जी हाताला भाजत नाही ती हाडाला काय शिजवणार?"

"शिजतं हो. फक्त तिच्यावर मातीचं भांडं चालत नाही. आपण छान स्टीलचं घेऊ."

साम-पोने पळी खाली ठेवली. तिचा नवरा फुक-लाम ती ठेवलेली पळी बघून हळूच खुर्चीसकट मागे सरकला.

मडक्याशिवाय सूप म्हणजे काय, हे त्या काचवाल्या पोरीला कोण सांगणार? साम-पो एकोणिसाव्या वर्षी या घरात आली तेव्हा सासूने पळी हातात द्यायला अकरा वर्षं लावली होती. एकदा पळी हातात आली की मग कोण आधी बसणार, कोंबडीची तंगडी कुणाला, कोण उगाच बारीक होतंय, कुणाचं लग्न जमत नाही आणि का, सगळं तिथूनच ठरतं. सुनेच्या घरात तिला खोली मिळणार होती. खोली पाहुण्यांना देतात.

"होतील सह्या," ती म्हणाली. "गाडीवाल्याला सांग, झोप काढ."

अडलेली आठवी सही होती तळमजल्यावरच्या माकची. माक बसमध्ये तिकीट तपासनीस होता. तीस वर्षं लोकांना गाडीतून खाली उतरवण्यात गेली, त्यामुळे कुणाला फुकट वर नेण्याची कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. साम-पो आठ मजले उतरून, प्रत्येक मजल्यावर गुडघ्यांना शिव्या घालत त्याच्या दारात उभी राहिली.

"माकसाहेब, सही."

"माझ्या खिडकीतला उजेड जाईल. पक्ष्याला उजेड लागतो." पिंजऱ्यातल्या पक्ष्यानेही मान हलवली. "शिवाय मी तळमजल्यावर राहतो. मला लिफ्ट कशाला? बसल्या जागी वरखाली व्हायला?"

साम-पो त्याचं बोलणं ऐकतच नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. "जीभ काढा."

"काय?"

"जीभ काढा म्हणते ना."

माकने काढली. आयुष्यभर दुसऱ्यांना 'दाखवा' म्हणत आलेला माणूस. स्वतःला कुणी म्हटल्यावर काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"पिवळी," साम-पो म्हणाली. "कडेने लाल. पहाटे तीनला जाग येते?"

"येते."

"तोंड कडू?"

"हो, पण त्याचा लिफ्टशी—"

"मिटा तोंड." ती परत जिन्याला लागली. वर पोचल्यावर फुक-लामला म्हणाली, "अरे म्हाताऱ्या, तो वाईट नाही, आजारी आहे. यकृतात आग पेटली आहे. असल्या माणसाच्या हातात पेन दिलं तर तो नाहीच म्हणणार, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? उष्णता उतरवली की सही आपोआप बाहेर पडेल."

फुक-लामला यात काही खटकलं असेल तर त्याने दाखवलं नाही. त्याने बाजाराची पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आठव्या मजल्याच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सुटली. टोपलीत थर्मास, थर्मासात कारलं, सोयाबीन आणि फासळ्यांचं सूप. साम-पो वरून ओरडली, "माकसाहेब! गरम आहे तोवर!" टोपली सात खिडक्यांसमोरून डुलत डुलत गेली. थर्मासाचं झाकण जुनं, नीट बसत नव्हतं. प्रत्येक खिडकीत एकेक नाक आलं आणि टोपली दिसेनाशी होईपर्यंत तिथेच राहिलं.

माक ते प्यायला. दुसऱ्या दिवशी कोहळ्याचं. तिसऱ्या दिवशी कंदमूळ, लाल चवळी आणि माशाचं, अंगातली ओल काढणारं. पाचव्या दिवशी माक पाचव्या मजल्यावरच्या लीनमावशीला जिन्याच्या तोंडाशी भेटल्यावर "जेवलात का?" म्हणाला. लीनमावशीने घाबरून कठडा धरला, कारण इथे राहायला आल्यापासूनच्या सोळा वर्षांत तो तिच्याशी 'बाजूला व्हा' याखेरीज काही बोलला नव्हता. नवव्या दिवशी तो खिडकीत गुणगुणताना ऐकू आला. बाराव्या दिवशी पक्षीही त्याच सुरात गायला लागला.

"पिकला," साम-पो म्हणाली. "म्हाताऱ्या, जा, कागद घेऊन जा."

फुक-लाम आठ मजले गेला, आठ मजले आला. एका हातात रिकामा थर्मास, दुसऱ्या हातात कोरी आठवी ओळ.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, उद्या संत्र्याची साल जरा जास्त घालता येईल का?"

आता मात्र साम-पो स्वतः उतरली. माकचा चेहरा तुकतुकीत झाला होता. तिने न सांगताच त्याने जीभ काढली, गुलाबी, बाळासारखी. आपल्या हातच्या गुणाबद्दल तिला आधी अभिमान वाटला आणि मग राग आला.

"माकसाहेब, आग विझली. आता सही का नाही?"

"साम-पो, तुम्ही हुशार बाई. मी सही केल्यावर टोपली येईल का?"

"येईल की!"

"मी तीस वर्षं बसमध्ये काढली. 'पुढच्या थांब्यावर तिकीट काढतो' म्हणणारे हजारो बघितले. एकानेही काढलं नाही." त्याने पक्ष्याला दाणे घातले. "लिफ्टला माझा काही विरोध नाही. उजेडाचं तर मी विसरूनच गेलो होतो. पण मी सही केली की मी तुमच्यासाठी आजारी राहत नाही. मग मला कोण विचारणार?"

"हा हट्ट झाला."

"हट्ट नव्हे. पथ्य."

ती वर यायला निघाली ती तिसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टर चिमने अडवली. तो दार किलकिलं करून उभा होता, जणू बराच वेळ. "साम-पो, ते लिफ्टचं. मी जरा पुन्हा विचार करतोय."

"तुमची सही झाली आहे."

"हो, पण तेव्हा मी घाईत होतो. आता माझ्या लक्षात येतंय की माझी हरकत आहे. म्हणजे तशी फार नाही. मध्यम हरकत." त्याने दार आणखी थोडं उघडलं. "रात्री झोप लागत नाही. कमळबी चालेल मला."

पाचव्यावर लीनमावशी. "अगं, मीपण नाव खोडणार बाई. आवाज होतो म्हणे लिफ्टचा. मला आवाज सहन होत नाही. माझी हाडं दुखतात ना. हाडांना शेंगदाणे आणि कोंबडीचे पाय चांगले, तुझ्यासारखीला मी काय सांगायचं?"

"तुझी हाडं इतक्या वर्षांत कधी नाही दुखली?"

"दुखत होती. पण तेव्हा टोपली माझ्या खिडकीवरून जात नव्हती."

आठवड्याभरात कागदावरच्या सात सह्यांपैकी सहा खोडल्या गेल्या. प्रत्येकाने खोडताना शेजारी कारण लिहिलं. चौथ्याने लिहिलं 'कोरडा खोकला', सहाव्याने लिहिलं 'बायको बाळंतीण', आणि ती बाळंतीण होऊन दोन वर्षं झाली होती. सातव्या मजल्यावरचा तरुण, ज्याला लिफ्टची साम-पोइतकीच गरज, त्याने प्रामाणिकपणे लिहिलं: 'सगळ्यांना मिळतंय म्हणून'. न खोडलेली सही एकच, साम-पोच्या अंगठ्याची.

आता कुणी म्हणेल, तिने टोपली बंद करायची होती. तसं म्हणणाऱ्याने कधी कुणाची उष्णता उतरवलेली नसते. उपचार अर्ध्यात सोडला तर आग दुप्पट भडकते, हे साम-पोला पक्कं ठाऊक. तिने आणखी दोन मडकी आणली. शेगडीवर एक, गॅलरीत कोळशावर दोन. फुक-लाम दिवसातून चार वेळा बाजारात जाऊ लागला. ज्या गुडघ्यांसाठी लिफ्ट हवी होती त्या गुडघ्यांनी लिफ्टच्या पायी इतके जिने कधी चढले नव्हते. संध्याकाळी सात टोपल्या सात दोऱ्यांना सुटायच्या आणि खालून बघणाऱ्याला वाटायचं, इमारत कुणाला तरी गळ टाकून बसली आहे.

याउबाई चौकशीला आल्या. कागद वाचून त्यांनी नवा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"साम-पो, मी समितीत अठरा वर्षं आहे. उजेडासाठी हरकत बघितली, आवाजासाठी बघितली, पूर्वजांचा आत्मा दाराशी अडखळेल म्हणून बघितली. 'शेंगदाणे आणि कोंबडीचे पाय' ही हरकत मी कुठल्या रकान्यात घालू?"

"बसा. दमलात. चेहरा पिवळा पडलाय तुमचा."

याउबाई बसल्या. अंजीर आणि वाळवलेल्या बदकाचं सूप होतं. त्यांनी वाडगा रिकामा केला. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि फुक-लामने ते वाचून दाखवलं: 'प्रकरण गुंतागुंतीचं आहे. रोज प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल. वेळ, संध्याकाळी पाच.'

तुंग-जीला नऊ दिवस राहिले. चुंग-याउचा फोन आला. "आई, किती सह्या?"

"एक."

"एकच राहिली? वा!"

"एकच आहे."

 तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मी खोकी घेऊन येतो. मडकी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेव. गॅलरीत शोभेला ठेवू." मुलगा मऊ बोलायला लागला की समजावं, त्याने ठरवलं.

शोभेला. साम-पो त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चुलीपुढे उभी राहिली, आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते करायचं तिने ठरवलं: वाईट सूप. यांना माझ्या हाताची चटक लागली आहे ना? तर हात काढून घ्यायचा. म्हणायला सोपं. तिने फुक-लामला स्वयंपाकघराबाहेर घालवलं, दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला. मग भांड्यात तांदूळ धुतलेलं पाणी घातलं. त्यात कोंबडी टाकली, न धुतलेली, वर येणारा फेस काढायचा नाही. हात आपोआप पळीकडे जात होता, तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मीठ आधीच. खारीक नाही, साल नाही, आलं नाही. भडक आचेवर वीस मिनिटं. वीस! तिच्या सासूने हे बघितलं असतं तर ती पुन्हा एकदा मेली असती.

चव बघितली. वाईट होतं. चांगल्यापैकी वाईट. डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते वाफेवर ढकललं.

टोपल्या सुटल्या. साम-पो खिडकीशी कान लावून बसली. आता ओरडतील, शिव्या घालतील, कागद मागतील.

पहिला आवाज लीनमावशीचा. "साम-पो! आजचं काही औरच गं! ही जुन्या वैद्यांची कृती ना? घशातून उतरतानाच कळतं, औषधी आहे!"

मग डॉक्टर चिम. "फारच सखोल!"

सातव्यावरच्याने तर सांगितलं की दोन घोटांत त्याची पाठ सैल झाली. आणि शेवटी माकची टोपली वर आली, तिच्यात थर्मासाखाली एक चिठ्ठी. साम-पोला तिच्यात एकही ओळखीचं अक्षर नव्हतं. तिने ती नवऱ्यापुढे धरली.

फुक-लामने वाचली. मग खिशात घालायला लागला.

"वाच म्हणते ना!"

"म्हणतो, 'आजवरच्या सगळ्यांत उत्तम.'"

साम-पो उठली. चप्पल घातली, एक उजवी आणि एक फुक-लामची, आणि जिन्याला लागली. आठ मजले ती एकदाही थांबली नाही. गुडघ्यांना बहुधा कळलं होतं की आज आपलं कोणी ऐकणार नाही. अंगणात उभी राहून तिने अशी हाक मारली की आठही खिडक्या उघडल्या, शिवाय समोरच्या इमारतीच्या चार.

"अरे बधिर जिभांच्यांनो! काय प्यायलात ते माहीत आहे? तांदळाचं धुवण! फेसासकट कोंबडी! माझ्या चुलीवर कुत्र्याला सूप करत नाही तसं केलं होतं मुद्दाम, आणि तुम्ही म्हणता सखोल? दोन महिने मी कुणाला पाजत होते? भिंतींना?"

माक खिडकीत आला. हातात अजून वाडगा होता. "पण साम-पो, माझी छातीतली जळजळ..."

"ती मिठाने आणखी वाढेल उद्या! आणि ए लीन, औषधी काय गं? कुठलं औषध? नाव सांग!"

लीनमावशी पडद्याआड गेली.

"संत्र्याची साल जास्त घाला म्हणणारे तुम्हीच ना माकसाहेब? आज साल होती का? एक तुकडा तरी होता का?"

माकने वाडग्यात बघितलं. तळ ढवळून साल शोधली.

"बस्स. आजपासून टोपली बंद. दोऱ्या मी कापून टाकणार. ज्याला माझं सूप प्यायचं असेल त्याने आठ मजले चढून यावं, माझ्या टेबलाशी माझ्यासमोर बसावं, आणि आधी सांगावं की आत काय काय आहे. ओळखलं तर दुसरा वाडगा. नाही ओळखलं तर खाली. आणि रिकाम्या हाताने कोणी यायचं नाही. माझा म्हातारा काही तुमचा हमाल नाही. जो येईल त्याने बाजारातून काहीतरी घेऊन यावं."

यात काही डावपेच होता असं नंतर पुष्कळांनी म्हटलं. नव्हता. निव्वळ संताप होता. ती वर पोचेपर्यंत अंधार पडला, कारण येताना गुडघ्यांनी सगळं वसूल केलं.

दुसऱ्या दिवशी कोण येतंय, असं तिला वाटलं होतं. चार वाजल्यापासून जिन्यात धापा ऐकू यायला लागल्या. लीनमावशी चवळी घेऊन आली. डॉक्टर चिम हाडं घेऊन आला, दाताच्या डॉक्टरसारखीच त्यांची तपासणी करत. याउबाई एक आल्याचा तुकडा घेऊन आल्या, समितीची मर्यादा तेवढीच म्हणाल्या. सगळे टेबलाशी परीक्षेला बसल्यासारखे बसले.

"लीन, काय आहे आत?"

"कोंबडीचे पाय... शेंगदाणे... आणि..."

"आणि?"

"भीती वाटतेय गं तुझी. खारीक?"

"दुसरा वाडगा दे हिला."

माक आलाच नाही. म्हणजे निघाला होता. पिशवीत मुळा घेऊन पाच वाजता निघाला तो तिसऱ्या मजल्यावर विसावला, पाचव्यावर भिंतीला टेकला, आणि साडेसातला आठव्यावर पोचला तेव्हा मडकं घासून पालथं घातलेलं होतं. सोळा वर्षांत या इमारतीचा जिना तो पहिल्यांदा चढला होता. त्याने मुळा दारात ठेवला आणि परत गेला.

दुसऱ्या दिवशी तो दुपारी तीनला निघाला, सोबत घडीचं स्टूल. तरी उशीर झालाच, कारण स्टुलावर बसला की उठवेना.

तिसऱ्या दिवशी जे झालं ते असं. माक अडीचला निघाला आणि सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये, वळणावर, अडकला. जिना अरुंद, माक रुंद, त्यात दोन महिन्यांचं सूप त्याच्या अंगी लागलेलं. त्याच्यामागे लीनमावशी, तिच्यामागे सहाव्याचे, त्यांच्यामागे डॉक्टर चिम, मग चौथ्याचे, दुसऱ्याचे, आणि अगदी शेवटी याउबाई. वरून कमळकाकडीचा वास यायला लागला. तो जिन्यातून पाण्यासारखा खाली उतरत होता, पायरी पायरी भरत.

"माकसाहेब, हला की!" लीनमावशी म्हणाली.

"हलतोय."

"कुठे हलताय? माझं नाक तुमच्या पाठीला चिकटलंय अर्धा तास!"

"मोहरी पडतेय का वर?" खालून कुणीतरी घाबरून विचारलं.

"सूपमध्ये मोहरी नसते, मूर्खा, मीठ पडतंय. मीठ शेवटी पडतं. म्हणजे झालंच!"

मीठ पडतंय म्हटल्यावर माकने दोन्ही हात भिंतींना लावले, डोळे मिटले, आणि तीस वर्षं बसमध्ये ओरडायचा त्या आवाजात ओरडला, "कागद आणा!"

साम-पो दारात आली. "काय?"

"कागद! लिफ्टचा! अरे माणसाने जगायचं कसं असल्या इमारतीत? लिफ्ट नाही? कोण आहे तो नालायक, ज्याने अडवून धरली?"

"तुम्हीच, माकसाहेब."

"मग त्याला आधी सही करू द्या!"

फुक-लाम कागद आणि पेन घेऊन उतरला. लिहायला सपाट जागा नव्हती. माकने कागद भिंतीला लावला, पेन चालेना, तेव्हा लीनमावशी म्हणाली, "वळा, मी वळते, माझ्या पाठीवर करा." माकने तिच्या पाठीवर सही केली. तिने कागद घेतला, खालच्याला वळवलं, त्याच्या पाठीवर केली. असा तो कागद पाठीपाठीवरून जिना उतरत गेला, आणि ज्याने त्याने आधी खोडलेल्या सहीखाली नवी केली. सातव्यावरचा तरुण वरच्या बाजूला होता, त्याला पाठ मिळेना. त्याने आपल्या मांडीवर केली. चौथ्या मजल्यावर याउबाईंनी तो पकडला, पर्समधून शिक्का काढला, त्यावर हा-हा करून तोंडाची वाफ सोडली आणि समोरच्याच्या पाठीवर असा हाणला की तो माणूस एक पायरी वर गेला. त्याच्या धक्क्याने त्याच्या पुढचा, त्याच्या धक्क्याने पुढचा, आणि शेवटी माक वळणातून सुटला.

त्या संध्याकाळी माकने आत काय आहे ते अचूक सांगितलं. संत्र्याची साल किती वर्षांची, हेही सांगितलं. दोन वर्षांनी चुकला, पण साम-पोने चालवून घेतलं.

तुंग-जीला चुंग-याउ सकाळीच आला. खोकी, दोऱ्या, वर्तमानपत्रं, खाली गाडीवाला. त्याच्यामागे पुई-सान आणि नात. जिन्यात पिशव्या घेतलेली माणसं उभी होती. तो सणाचा दिवस, म्हणून सगळे सकाळपासूनच.

"रांगेत या," माक पाचव्या मजल्यावरून म्हणाला.

"मी त्यांचा मुलगा आहे."

"मी कुठे नाही म्हटलं? काय आणलंय?"

चुंग-याउने खोकं दाखवलं. "रिकामं," माक म्हणाला आणि मान हलवली. नातीने खिशातून दोन संत्री काढली. तिला पुढे जाऊ दिलं.

वर पोचल्यावर चुंग-याउने कागद घेतला, आठ ओळी मोजल्या, शिक्का उजेडात धरून बघितला. तो खरा होता. त्याला थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं, आणि थोडं सुटल्यासारखं.

"बरं," तो म्हणाला. "पण आई, सह्या म्हणजे लिफ्ट नव्हे. यायला वर्ष जाईल, दीड जाईल. तोवर तुझे गुडघे?"

"मला खाली जायचंय कशाला? बाजार वर येतोय." तिने पळीने दाराकडे दाखवलं, जिथे मुळे, हाडं आणि एक अख्खा कोहळा एकामागून एक आत येत होते. "बस. पुई-सान, तूही बस. त्या खुर्चीत नको, ती याउबाईंची. तुम्ही पलंगावर बसा."

पुई-सानने मडक्यावर वाकून वास घेतला. "आई, यात काय काय आहे?"

"तेच तर तू सांगायचंय."

आणखी पंधरा दिवसांनी लिफ्टच्या कंपनीकडून माप घ्यायला एक माणूस आला. तो जिना चढून वर आला, टेबलाशी बसलेली तेवीस माणसं बघितली, फीत काढली आणि विचारलं, "लिफ्ट किती माणसांची हवी? सहा? आठ?"

साम-पोने त्याच्याकडे बघितलं. त्याची जीभ अजून बघायची होती.

"वर येतानाची की खाली जातानाची?" ती म्हणाली. "कारण सूप पिऊन खाली जाताना इथला कोणी एकाच माणसाच्या वजनाचा राहत नाही."